विसावा डबा

“घाल बोट आत! घाबरतोस काहून? ते काही चावत नाही!”

अंबादासकाकांनी मालडब्याच्या चाकाजवळची लोखंडी पेटी उघडून धरली होती. शैलेंद्रने डोळे गच्च मिटून बोट आत घातलं आणि काळंकुट्ट करून बाहेर काढलं. पाचवीचा सगळा वर्ग खो-खो हसला.

“आत तेलात भिजलेल्या सुताचा बोळा आहे,” काका म्हणाले. “त्याच्या तेलावर चाकांचा धुरा फिरतो. तेल आटलं की धुरा तापतो, लालबुंद होतो आणि शेवटी तुटतो!”

१९७१ सालच्या दिवाळीची सुट्टी चालू होती. जबलपुरात जिथे जावं तिथे लढाईची चर्चा. रांझीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात दिवसरात्र काम चाले, खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटले होते आणि हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा सराव कधीही होई. पण अनसूयाबाई म्हणाल्या, “पुस्तकातली रेल्वे पुरे झाली. आता हात लावून शिकायचं!” आणि त्यांनी वर्गाला थेट मालगाड्यांच्या यार्डात आणलं. अंबादासकाका तीस वर्षं गार्ड होते. त्यांनी मुलांना हिरवी आणि लाल बावटी धरायला दिली, शिट्ट्या फुंकायला दिल्या.

“आणि बावटी नसली तर?” विनताने विचारलं. तिला शंका फार!

“तर रुमाल हलव, टोपी हलव. काहीही जोरजोरात हलवलं की त्याचा अर्थ एकच, गाडी थांबवा!”

मग बाईंनी प्रत्येक गटाला सुतळी, पट्टी आणि पिवळ्या पुठ्ठ्याचा तुकडा दिला. रिकाम्या डब्याची मापं घेऊन पुठ्ठ्यावर लिहायची होती. विनता, शैलेंद्र आणि वर्गातली सगळ्यात चिमुरडी बेबी रांगेतल्या शेवटच्या डब्याकडे धावली. चढायच्या आधी विनताने चाकाजवळची पेटी उघडली, बोट घातलं आणि ती थबकली.

“अरे, ही तर कोरडी ठणठणीत आहे!”

“ए लडकी! हात मत लगाओ!” यार्डाचा जमादार गणपत लांबूनच खेकसला. “मापं घ्यायची तर घ्या, नाहीतर पळा!”

तिघं निमूट डब्यात चढली. लांबी झाली, रुंदी झाली. तेवढ्यात कोपऱ्यातून बेबी ओरडली, “विनता, हे बघ!”

फळ्यांच्या फटीत एक चुरगळलेला पिवळा पुठ्ठा होता. वर डब्याचा नंबर आणि खाली लिहिलं होतं: ‘सिक. धुरा कोरडा. माल भरू नये.’

“सिक म्हणजे आजारी!” शैलेंद्र म्हणाला. “काकांनी सांगितलं होतं, नादुरुस्त डब्यावर असं कार्ड लावतात.”

“मग ते बाहेर हवं! आत कोणी कोंबलं?”

उत्तर मिळायच्या आतच भोंगा वाजला. बाहेर एकच धावपळ उडाली. “खंदकात चला! जल्दी!” गणपत धावत धावत डब्यांची दारं लावत येत होता. त्याने आत डोकावलंसुद्धा नाही. धाडकन दार बंद झालं आणि बाहेरची कडी पडली.

काळोख!

“अहो, आम्ही आत आहोत!” तिघांनी दारावर मुठी आपटल्या. पण भोंगा असा बोंबलत होता, की त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. इकडे एका खंदकात बाईंना वाटलं, तिघं काकांबरोबर असतील. दुसऱ्या खंदकात काकांना वाटलं, ती बाईंबरोबर असतील.

भोंगा थांबला. “आता हाक मारू,” विनता म्हणाली, आणि तेवढ्यात डब्याला असा धक्का बसला की तिघं एकमेकांवर कोसळली. इंजिन जोडलं होतं! खाली चाकं फिरू लागली.

बेबी मुसमुसायला लागली. “आपण कुठे जाऊन राहिलो?”

“कारखान्यात. काका म्हणाले ना, हे डबे तिथे माल भरायला जातात,” शैलेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “चार मैल तर आहे. तिथे दार उघडतीलच ना यार!”

 विनताने डब्याच्या तळाला कान लावला होता. चाकांच्या खडखडाटात एक बारीक किंचाळी मिसळली होती. गाडीने वेग घेतला तशी ती वाढत गेली. मग वास आला, जळक्या चिंधीसारखा. फळ्यांच्या फटीतून धुराची रेघ वर आली.

“तीच पेटी,” ती हळूच म्हणाली. “कोरडी होती ना!”

शैलेंद्रने दाराला खांदा लावला. एकदा, दोनदा, पाचदा. दार हललंही नाही. विनताने सुतळीला पट्टी बांधून दाराच्या फटीतून सोडली. कडीला अडकवून ती वर ओढायची होती. पट्टी कडीपर्यंत पोचली, अडकली, आणि सुतळी तटकन तुटली! विनताच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे आलं की कशामुळे, ते तिलाही कळलं नाही. कोपऱ्यातल्या फळ्या आता हाताला गरम लागत होत्या. तिघांना खोकल्याची उबळ येत होती.

“वर बघ!” बेबीने अचानक बोट दाखवलं. छताजवळ वितभर झरोका होता. “माझा हात जाईल त्यातून.”

“हात जाऊन काय होणार?” शैलेंद्र म्हणाला.

“होईल!” विनता ताडकन उठली. “काहीही जोरजोरात हलवलं तरी चालतं! बेबी, स्वेटर काढ. शैलेंद्र, खाली बस!”

शैलेंद्र बसला, बेबी त्याच्या खांद्यावर उभी राहिली आणि विनताने तिचे पाय धरले. शैलेंद्र भिंतीच्या आधाराने थरथरत उठला. बेबीचा हात कोपरापर्यंत बाहेर गेला.

“कोणी दिसतं का?”

“शेतं! म्हशी!”

“हलवत राहा!”

“खांदा मोडला माझा!” शैलेंद्र कण्हला.

“तिचा हात दुखत नसेल का? उभा राहा!”

बेबी हलवत राहिली. झरोक्याचा पत्रा दंडाला कापत होता, तरी ती हलवत राहिली.

पुढे रेल्वेचं फाटक होतं. फाटकवाली सत्यभामा हिरवी बावटी घेऊन उभी होती. इंजिन पुढे गेलं, आणि मागच्या डब्यातून तिला दिसला इवलासा हात आणि वेड्यासारखा फडफडणारा निळा स्वेटर! खाली चाकाजवळ धूर! तिने लाल बावटी उचलली आणि रुळाकडेने धावत किंचाळली, “रोको! अरे रोको, अंदर बच्चा है!”

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं आणि ब्रेक करकरले. गाडी थांबली. कडी निघाली आणि उजेड असा आत शिरला की तिघांना डोळे उघडवेनात. सत्यभामाने बेबीला उचलून पोटाशी धरलं. फाटकावरच्या फोनवरून तिने यार्डात कळवलं. ड्रायव्हर तापलेल्या धुऱ्यापाशी धावला.

डबे कारखान्यात पोचवायला इंजिनवर बसून आलेला गणपत खाली उतरला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. विनताच्या हातातला पिवळा पुठ्ठा दिसताच तो गोड हसला. “वो कागज मुझे दे दे, बेटा. साहेबांना मीच दाखवतो.”

विनताने त्याच्याकडे पाहिलं. मग पाठ वळवून फ्रॉकच्या खिशात चाचपडली आणि घडी केलेला पिवळा पुठ्ठा त्याच्या हातावर ठेवला. गणपत इंजिनवर चढला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पुठ्ठा थेट भट्टीत टाकला!

अर्ध्या तासात ट्रॉलीवरून इन्स्पेक्टर साहेब, अनसूयाबाई आणि अंबादासकाका येऊन पोचले. बाईंनी तिघांना मिठीत घेतलं. 

“साहेब, डब्यावर कार्ड-बिर्ड काहीच नव्हतं,” गणपत म्हणाला. “मला काय माहीत धुरा खराब आहे?”

“कार्ड होतं,” विनता म्हणाली. “त्यांनी आता भट्टीत टाकली ती आमची मापं होती. चौदा हात लांब, पाच हात रुंद. आणि हे कार्ड!”

साहेबांनी कार्डावरचा नंबर वाचला, डब्यावरचा वाचला आणि गणपतकडे नुसतं पाहिलं. गणपतची मान खाली गेली.

“वीस डबे मागितले होते, साहेब. चांगले एकोणीसच होते. म्हटलं, चार मैलांनी काय होतं...”

“आत माणसं आहेत की नाहीत, एवढं तरी पाहायचं!” अंबादासकाका गरजले. मग त्यांचा आवाज खाली आला. “मीसुद्धा पोरं मोजली नाहीत. चूक माझीही आहे.”

“आणि माझीही,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी गणपतला कामावरून बाजूला केलं आणि डबा गाडीतून काढायला लावला. मग टोपी काढून ते तिघांपुढे वाकले. “तीस माणसांच्या यार्डात जे कोणी पाहिलं नाही, ते तुम्ही पाहिलंत. शाब्बास!” सत्यभामा बेबीच्या दंडाला हळद लावत म्हणाली, “और इस हाथ को भी शाबाशी दो, साहब!”

संध्याकाळी विनताचे बाबा कारखान्यातून आले. ते माल चढवायच्या कामावर होते. अजून त्यांना काहीच माहीत नव्हतं. सायकल लावता लावता कुरकुरले, “आज डबे एकोणीसच आले! आम्ही दुपारभर विसाव्याची वाट पाहून राहिलो. त्यात चढून मीच माल रचणार होतो.”

आईने सगळं सांगितलं.  बाबांनी विनताचा काजळीने काळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“बरं झालं पोरी,” ते म्हणाले, “विसावा आला नाही.”