सतरा नंबरचा मळा

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, ते खालून वर. आधी चिखलाने माखलेला बूट, मग फाटकाच्या टोकदार सळईत अडकलेली पँट, आणि सगळ्यात वर, बऱ्याच उंचावर, भेदरलेला चेहरा.

ऑगस्टअखेरची सकाळ होती. सहा वाजत आले होते. छत्री उघडावी तर लोक हसतील आणि न उघडावी तर कॉलरमधून पाठीत उतरेल, असा बारीक पाऊस पडत होता. पंचायतीची नोटीस मळ्यांच्या फाटकावर लावायची आणि साडेसहाची पहिली बस काढायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बस चालवते. मे महिन्यापासून ब्रॅकनलॉच्या ग्रामपंचायतीची सदस्यही आहे.

आता आमच्या गावात या दिवसांत मळ्याच्या फाटकावर चढणारा माणूस एकाच कामासाठी चढतो. लीक कापायला. लीक म्हणजे तशी कांद्याच्या घरातलीच भाजी, पण आमचे म्हातारे खाणकामगार तिला दंडाएवढी जाड करतात, लेकरासारखी जपतात आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनात मांडतात. प्रदर्शन जवळ आलं की कुणाच्या तरी पोटात दुखायला लागतं आणि कुणाचे तरी लीक गुपचूप कापले जातात. कोळशाची खाण बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, पण ही खोड काही गेली नाही.

मी त्याचा बूट घट्ट धरला.

“उतर खाली! कुणाचे कापायला आलास?”

“अहो, पाय सोडा! काय कापायला?”

“चोराच्या उलट्या बोंबा! कुठल्या गावचा तू?”

“किल्ली फिरत नाहीये हो कुलुपात! माझाच मळा आहे... म्हणजे आजोबांचा. सतरा नंबर.”

सतरा नंबर! म्हणजे अर्नी ड्रायडनचा नातू. अर्नी मे महिन्यात गेले. अकरा वेळा पहिलं बक्षीस मिळवलेला माणूस. मी ओशाळले आणि बूट सोडला. जरा जास्तच पटकन सोडला. तो आतल्या बाजूला थेट शेणखताच्या ढिगात पडला.

मग फाटकापलीकडून शांतपणे प्रश्न आला, “याची तक्रार कुणाकडे करायची असते?”

“पंचायत सदस्याकडे.”

“ते कुठे भेटतील?”

“मीच. किर्स्टी हेपल. तक्रार लेखी लागते.”

तो हसायला लागला. शेणात बसून इतकं मनमोकळं हसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याचं नाव कॅलम. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर वीजतंत्री होता आणि ऑक्टोबरपासून नॉर्वेला जाणार होता. आजोबांनी जाण्याआधी लावलेले आणि शेजाऱ्यांनी पाणी घालून जगवलेले शेवटचे लीक प्रदर्शनात मांडायचे, म्हाताऱ्या खाणवाल्यांसाठीची, आजोबांना मिळालेली छोटी कॉटेज सप्टेंबरअखेर रिकामी करून द्यायची, की निघाला.

मी लावलेली नोटीस त्याने दोनदा वाचली.

“म्हणजे हे सगळे मळे विकणार?”

“सप्टेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ठरेल. मी असेपर्यंत विकू देणार नाही.”

ही बढाई नव्हती. खाण बंद झाली त्या वर्षी माझ्या वडिलांचा पगार थांबला आणि आम्ही वर्षभर मळ्यातलं खाल्लं. बटाटे, कोबी, पुन्हा बटाटे. पंचायत गावकऱ्यांना भाड्याने देते त्या त्रेचाळीस छोट्या मळ्यांसाठीच मी निवडणूक लढवली होती. आता एका बिल्डरला तिथे घरं बांधायची होती, आणि आमचे अध्यक्ष कथबर्ट रेन यांना त्या पैशातून गावच्या हॉलचं गळकं छप्पर बदलायचं होतं. ते वाईट नाहीत. हॉलमध्ये बादल्या ठेवून ठेवून त्यांची कंबर गेलीय, एवढंच. पण सात सदस्यांत ते धरून तिघं विकायच्या बाजूचे, तिघं विरुद्ध आणि सातवी मी. माझ्या हातावर सगळं होतं.

---

कॅलमला लीकमधलं शून्य कळत होतं. मला वडिलांमुळे थोडं कळत होतं. म्हणून संध्याकाळची फेरी संपली की मी मळ्यावर जायचे. गावाचं काम म्हणून. पहिले दोन दिवस तरी मी स्वतःला तसंच सांगितलं.

लीकचा घेर मोजायला फीत लागते आणि दोन माणसांचे हात. मी फितीचं टोक धरायचे, तो ती ओल्या पांढऱ्या दांड्याभोवती फिरवून माझ्या बोटापाशी आणायचा. मग आकडा वाचायला दोघांनाही खाली वाकावं लागे. आकडा वाचायला इतका वेळ लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“किती?” मी विचारायचे.

“दिसत नाहीये. तुझे केस मध्ये येतायत.”

“मग बाजूला कर.”

“लीक?”

“केस, मूर्खा!”

त्याने एका बोटाने माझी बट कानामागे सारली... आणि तो आकडा त्या दिवशी कुणीच लिहून ठेवला नाही.

सकाळीही तो माझ्या बसला यायचा. बाजारात काही काम नसायचं त्याला. ड्रायव्हरमागच्या पहिल्या सीटवर बसायचा, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा आणि त्याच बसने परत यायचा. छोट्या आरशात मला त्याचे डोळे दिसायचे. गाव छोटं, बस त्याहून छोटी. आठवड्याभरात बोभाटा झाला.

सभेच्या आदल्या सोमवारी कथबर्ट रेन बसमध्ये चढले. पास दाखवला, पण पुढे सरकेनात.

“पोरी, लोक बोलतायत.”

“लोकांना दुसरं काम काय आहे?”

“तेही खरंच. पण नियम तुला ठाऊक आहे. सदस्याच्या जवळच्या माणसाकडे पंचायतीचा मळा असेल, तर ते सभेत सांगायचं आणि त्या विषयापुरतं बाहेर जायचं. मत द्यायचं नाही. तुझ्यात न् अर्नीच्या नातवात काही असेल तर सांग. नसेल तर विषय संपला. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. तुझा शब्द मला पुरे.”

आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते. ‘तुझा शब्द पुरे’ म्हणाले, तिथेच मी अडकले.

मी बाहेर गेले तर मतं तीनास तीन. बरोबरी झाली की अध्यक्षांना जादा मत असतं. म्हणजे मळे गेले.

संध्याकाळी मळ्यावर सोळा नंबरवाला विल्फ कुंपणाला टेकून उभा होता. ऐंशीचा म्हातारा, त्याला सगळं आधीच कळलेलं असतं.

“गप्प बस, किर्स्टी,” तो म्हणाला. “झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंडाने कबूल केलंय का तुम्ही एकमेकांना काही? नाही ना? मग काही नाहीच!”

एवढं बोलून तो आपल्या पाण्याच्या झारीकडे गेला. कॅलम लीकला पाणी घालत होता. पाठमोराच म्हणाला, “बरोबर आहे त्याचं. आपल्यात काय आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले. “गुरुवारपर्यंत तर नाहीच.”

“आणि गुरुवारनंतर?”

“नंतर तू नॉर्वेला.”

“मी ते नाही विचारलं.”

“तू बसला येऊ नकोस. मी मळ्यावर येणार नाही. आणि माझ्याकडे असं बघू नकोस!”

“माझी पाठ आहे तुझ्याकडे.”

“पाठीनेसुद्धा नको!”

तो वळला. हसत नव्हता. “किर्स्टी, काही नसेल तर एवढी बंदी कशाला?”

उत्तर होतं माझ्याकडे, पण ते दिलं असतं तर मळे गेले असते. मी फाटक आपटून निघून गेले.

मंगळवार-बुधवार आरशात मागची पहिली सीट रिकामी दिसत होती. मी दोन थांबे चुकले. बारा वर्षांत एकही चुकले नव्हते.

बुधवारी रात्री झोप लागेना, तेव्हा मी स्वतःशी सरळ बोलले. आमच्या गावात खाणीच्या संपाच्या वेळी जे खोटं बोलले, त्यांच्या दुकानातून लोक आजही पाव घेत नाहीत. मी खोटं बोलून मळे वाचवले, तर त्या मळ्यांत मान वर करून फिरता येईल का मला? नाही. आणि मला तो आवडतो का? तर हो. अगदी आवडतो. मग तसं सांगायचं. सभेत हरले तर शुक्रवारी सकाळी दारोदार फिरून सह्या गोळा करायच्या आणि सगळ्या गावाचं मतदान घ्यायला लावायचं. बाहेर काढाल एका दारातून, तर दुसऱ्या दारातून आत येईन. ठरलं. मग शांत झोप लागली.

---

गुरुवारी हॉल भरून गेला होता. बाहेर पाऊस आणि आत बादल्यांत टप् टप्. कॅलम अगदी शेवटच्या रांगेत, दाराशी बसला होता. मी बघणार नव्हते, पण बघितलं. तो बादलीकडे बघत होता.

कथबर्ट रेन यांनी चष्मा चढवला. “विषय दुसरा. कुणा सदस्याला आपला काही संबंध जाहीर करायचा आहे?”

मी उभी राहिले.

“मला करायचा आहे. सतरा नंबरच्या मळ्याचा जो भाडेकरू आहे, कॅलम ड्रायडन... तो माझ्या जवळचा माणूस आहे. त्याने मला तसं काही म्हटलेलं नाही. मीही त्याला म्हटलेलं नाही. पण मला तो आवडतो, खूप आवडतो, आणि हे लपवून मी मत देणार नाही. म्हणून बाहेर जाते. पण बाहेर जाते म्हणजे हरले असं कुणी समजू नये. उद्या सकाळी मी सह्यांचा कागद घेऊन तुमच्या दारात असेन. सगळ्यांच्या!”

एका क्षणात दीडशे माना मागे वळल्या. कॅलमचे कान बिटासारखे लाल झाले होते. मी पिशवी उचलली.

“एक मिनिट, किर्स्टी,” पंचायतीच्या क्लार्क मिसेस टॉड म्हणाल्या. त्या कधीच कुणाचं बोलणं तोडत नाहीत. त्यांनी फाइलमधून एक पत्र काढलं आणि त्यावर एक गंजकी किल्ली ठेवली. “सतरा नंबरला भाडेकरू नाही.”

“म्हणजे?”

“आज दुपारी चार वाजता मिस्टर ड्रायडन यांनी मळा सोडला. पत्र दिलं, किल्ली दिली. मळा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाईल. उभ्या पिकासकट.”

उभ्या पिकासकट. प्रदर्शन शनिवारी होतं. अर्नीच्या हातचे शेवटचे लीक, परवा मांडायचे होते ते... त्याने देऊन टाकले. मला मत देता यावं म्हणून. आणि मला एका शब्दाने बोलला नाही, कारण मीच त्याला बोलू नकोस म्हणाले होते!

मग माझ्या लक्षात आलं. मला काहीही जाहीर करायची गरज नव्हती. गप्प बसले असते तरी चाललं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही दीडशे लोकांसमोर. विल्फ तर डोळे पुसून पुसून हसत होता.

कथबर्ट रेन यांनी हॉल शांत होऊ दिला. त्यांनी पत्र वाचलं, किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“नियमाप्रमाणे सदस्याला आता बसता येईल,” ते म्हणाले. “आणि बस खाली पोरी, पडशील नाहीतर.”

मत हात वर करून झालं. विकायच्या बाजूने तीन. विरुद्ध चार. चौथा हात माझा होता, आणि तो इतका उंच गेला की खांदा दुखला.

“छप्पर मात्र गळतंच आहे,” निघताना कथबर्ट मला म्हणाले.

“सोमवारपासून त्याच्या मागे लागते. तुम्ही यायचं माझ्याबरोबर. दारोदार.”

“कंबर गेलीय माझी.”

“बसने जाऊ.”

---

बाहेर पडवीत कॅलम मिसेस टॉडच्या टेबलापाशी उभा होता. लोक मुद्दाम हळूहळू छत्र्या उघडत होते. कुणालाच घरी जायची घाई नव्हती.

मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “आजोबांचे लीक होते ते, गाढवा!”

“हो.”

“दोन दिवस थांबला असतास तर...”

“मत आज होतं.” त्याने माझ्याकडे पाहिलं, कुठलीही बंदी न पाळता. “आजोबांनी लीक कुठे लावले असते गं, मळेच उरले नसते तर? आणि तू... तू एवढं सगळं सगळ्यांसमोर बोललीस. मी रात्रभर आरशासमोर पाठ करत होतो, तरी मला जमलं नसतं.”

“मग आता म्हण.”

“आवडतेस. फार. शेणात पडलो तेव्हापासून.”

छत्र्यांमधून कुणीतरी शिट्टी मारली. मिसेस टॉड खाकरल्या. “मिस्टर ड्रायडन, यादीचं काय करायचं ते आधी सांगा. मला घरी जायचंय.”

“कसली यादी?” मी विचारलं.

“मळ्यासाठी नाव घालतोय,” कॅलम म्हणाला. “शेवटी. तेविसावा नंबर.”

“वर्षाला दोन मळे मोकळे होतात फार तर! अकरा-बारा वर्षं लागतील तुला.”

“माहीत आहे.”

“आणि नॉर्वे?”

“सकाळी फोन करून नाही म्हटलं. इथल्या किनाऱ्यावरही पवनचक्क्या आहेत. आणि मळा नसलेल्या माणसाला बसने फिरायला भरपूर वेळ असतो.”

मिसेस टॉडनी पेनाचं टोपण काढलं, नाव लिहिलं आणि थांबल्या.

“पत्ता?”

कॅलम म्हणाला, “आजोबांची कॉटेज... पण ती महिनाअखेर परत द्यायचीय.”

“मग नाही चालणार. यादीसाठी गावातलाच पत्ता लागतो. पक्का. नियम आहे.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. ओल्या फरशीकडे बघत होता. विचारायचा त्याला धीर नव्हता, आणि मी त्या दिवशी एकदा बोलून बसलेच होते. आता कशाला थांबायचं?

“लिहा,” मी म्हणाले. “नऊ, लॅम्प रो.”

मिसेस टॉडनी चष्म्यावरून पाहिलं. “ते तर तुझं घर आहे, किर्स्टी.”

“हो,” मी म्हणाले. “शाईने लिहा.”