साठाव्या सेकंदाला विझणारा दिवा

"पोरी, त्या डबीवरचा दिवा दरवेळी साठाव्या सेकंदाला विझतो. काहीतरी गोम आहे त्यात," असं घड्याळवाले आजोबा म्हणाले, तेव्हा चष्मिषने ते हसण्यावारी नेलं होतं. "आजोबा, तुम्हाला जिथं तिथं घड्याळच दिसतं," म्हणाली आणि खेळायला पळाली.

त्याला दोन आठवडे झाले. ती आणि तिचा धाकटा भाऊ गुंड्या सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशी छोट्या दवाखान्यात परिचारिका. खालच्याच मजल्यावर आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत ते एकटे राहत. दर सोमवारी मावशी त्यांच्या हृदयाचा आलेख काढायची आणि ती डबी, म्हणजे मॉडेम, तो फोनच्या तारेवरून शहरातल्या डॉक्टरांना पाठवायची.

आज दवाखान्यात वर येताना आजोबा जिन्यातच कठडा धरून थांबले, मग येऊन बाकावर टेकले. मागच्या सोमवारी थांबले नव्हते.

"मावशी, त्यांच्या आलेखाचं उत्तर काय आलं?" चष्मिषने विचारलं.

"तीनदा पाठवला गं. काही कळवलं नाही, म्हणजे ठीकच असणार."

"असणार म्हणजे?"

मावशीने तिन्ही पावत्या दाखवल्या. प्रत्येकीवर 'पाठवणी संपली' आणि पुढे वेळ. गुंड्याने बोट ठेवलं. "साठ सेकंद. साठ. हीसुद्धा साठ. ताई, आजोबा बरोबर सांगत होते."

चष्मिषचे कान गरम झाले.

कोपऱ्यात दवाखान्याची यंत्रं सांभाळणारे दुरुस्तीकाका पावत्या छापणारं यंत्र उघडून बसले होते. ते हसले. "साठची मर्यादा मीच लावलीये. दवाखान्याला फोन एकच, तो अडकून कसा चालेल? फाइल दोनशे अठ्ठ्याऐंशी, मॉडेम अठ्ठावीस पॉइंट आठचा. भागाकार येतो ना? दहा सेकंद. मी सहापट दिलेत."

चष्मिषने पावतीवरचा फाइलचा आकार पाहिला आणि मॉडेमची पुस्तिका चाळली. "काका, फाइल किलोबाइटमध्ये आहे. मॉडेमचा वेग सेकंदाला किलोबिटमध्ये."

"बिट काय, बाइट काय, भाऊभाऊच."

"भाऊभाऊ नाहीत. आठ बिट मिळून एक बाइट. तुम्ही पुडकी मोजलीत आणि नगांनी भागलंत."

"अठ्ठावीस पॉइंट आठ भागिले आठ," गुंड्या पावतीच्या पाठीवर खरडू लागला. "सेकंदाला तीन पॉइंट सहा किलोबाइट. दोनशे अठ्ठ्याऐंशी भागिले तीन पॉइंट सहा... ताई, ऐंशी येतात!"

"म्हणजे निदान वीस सेकंद कमी. दर सोमवारी."

"आता दुधाचे दात असलेले मला शिकवणार," काका मावशीकडे बघून म्हणाले.

चष्मिषला इतका राग आला की चष्म्यावर वाफ धरली. पण तिने तो गिळला. "बरं काका, तुमचंच खरं. मग मर्यादा दहाच सेकंदांची लावा आणि पाठवा. तुमच्या हिशेबाने सगळा आलेख जाईल. माझ्या हिशेबाने फक्त आठवा हिस्सा. मी हरले तर तुमची ती अवजारांची पेटी घरापर्यंत वाहीन."

पेटी चांगली जड होती. काकांनी दहा सेकंद लावले, पाठवलं आणि शहरात फोन केला. पलीकडच्या बाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आलंय, पण वरची पट्टी तेवढी. आठातला एक भाग असेल. तुमच्याकडून नेहमीच तुटकं येतं हो. आधी पाऊण तरी यायचं. आम्ही टाकून देतो. वाटतं, पुन्हा पाठवतील."

"पाऊण," गुंड्या पुटपुटला. "ऐंशीतले साठ."

काकांनी फोन खाली ठेवला.

"त्यांनी टाकून दिलं," चष्मिष म्हणाली आणि आता तिचा आवाज चढला, "इथं सगळे 'ठीकच असणार' असं धरून चालले, आणि आजोबा तीन आठवडे जिने चढताहेत! कुणी एक फोन करून विचारलं का?"

 मावशी झटकन उठून म्हणाली, "मर्यादा काढा आधी."

दिवा लुकलुकू लागला. बाकावर बसलेल्या आजोबांनी मनगटावरचं घड्याळ कानाशी धरलं आणि मोजू लागले. साठ गेले. सत्तर गेले. "ऐंशी... एक्क्याऐंशी... ब्याऐंशी," ते म्हणाले, आणि दिवा विझला.

वीस मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला. "त्यांना एक पाऊलही चालू देऊ नका. गाडी निघालीये."

दहा दिवसांनी आजोबा परतले, सावकाश पण न थांबता. सोबत आलेले डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "आलेख मी वाचला, पण माझ्यापर्यंत आणला या दोघांनी. अजून एखादा आठवडा गेला असता, तर वाचूनही उपयोग नव्हता." दुरुस्तीकाकांनी मॉडेमवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: 'आधी आठाने गुणा. मग फोन करून विचारा.'

चष्मिषला शाबासकी मिळाली, पण ती नीट गिळली गेली नाही. आजोबांनी तिला आधीच सांगितलं होतं ना. म्हणून तिचं तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या शेजारी, वरच्या किंवा खालच्या मजल्यावर कुणी एकटं राहत असेल, आणि बरेच दिवस त्यांच्याकडून काही कळलं नसेल, तर 'ठीकच असणार' असं धरून चालू नका. हे पुस्तक पालथं ठेवा, जा आणि दार वाजवून बघा.