थोडा वेळ बस

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची. अगदी खरी. मावशी थापा मारत नाही. तिला धड विनोदसुद्धा सांगता येत नाही.

सुट्टीची दुपार होती. चाचणी केंद्रात चिटपाखरू नव्हतं. काका गेल्यापासून सुट्टीच्या पाळ्या मावशीच मागून घ्यायची. घरी तरी कोण वाट बघणार?

दूरच्या ग्रहाकडे निघालेल्या यानाची इंधनटाकी तिच्या ताब्यात होती. यानात माणूस जाणार नव्हता. टाकीत द्रवरूप हायड्रोजन, कल्पनेपलीकडचा थंड. लांबच्या प्रवासात तो उकळून उडून जातो का, हे बघायला टाकी पोलादी कोठीत बंद केली होती. कोठीतली हवासुद्धा पंपाने काढून घेतलेली.

आणि त्या कोठीतून...

कुणीतरी खाकरलं.

आत काम करणाऱ्यांशी बोलायला टेबलावर स्पीकर होता. त्यातून.

"कुणी आहे का?"

पुरुषाचा आवाज. दमलेला.

मावशीने साहेबांना फोन लावला. ते धावत आले.

"अहो बाई, आवाजाला हवा लागते. आत हवाच नाही."

"ते मला कळतं हो! पण खरंच कुणी असलं तर? उघडू या."

"उघडलं की सगळी चाचणी पाण्यात. यानाची वेळ चुकली तर बसा दोन वर्षं थांबून."

त्यांनी कान लावला.

काहीच नाही...

त्यांनी स्पीकरची वायर उपटून खिशात घातली. "झोप होत नाही तुमची," म्हणाले, आणि गेले.

दार लागलं.

"गेले का ते?" स्पीकरने विचारलं.

मावशीचा हात झडपेवर गेला. जरा फिरवली की आत हवा शिरली असती.

"उघडू का रे?"

"नको... थोडा वेळ बस."

ती बसली. मग रोजच बसू लागली. काय बोलायचे दोघं, कुणास ठाऊक.

कोठी उघडायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, "तूही येणार ना?"

"मी हो म्हटलं गं," मावशी मला म्हणाली. "नाही म्हणवेना."

कोठीत टाकीशिवाय काही सापडलं नाही. तीच टाकी यानाला जोडली. यान गेलं. ते परत यायचं नाही.

मावशी हल्ली भर उन्हात दोन स्वेटर घालून बसते. परवा मी तिचा हात हातात घेतला...

आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला.

तिला वाईट वाटलं असेल. पण पुन्हा धरायचा मला धीर होत नाही.