एका छपराखाली

"अठरा दिवस, आभा! फक्त अठरा दिवस... माझ्यासाठी तेवढेही तुला त्याच्याबरोबर एका छपराखाली काढवत नाहीत?"

साधनाताईंचा आवाज फाटला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचे शब्द वाटेत अडखळत, अर्धे तोंडातच विरत. पण हे वाक्य त्यांनी मनाशी घोळवून घोळवून ठेवलेलं असावं, इतकं ते स्वच्छ आलं आणि थेट समोरच्या काळजात जाऊन रुतलं. आभा दारापाशी उभी होती, खांद्याला कपड्यांची बॅग. आतल्या खोलीत तिची सात वर्षांची दिया टीव्हीवर कार्टून बघत होती.

"नाही जमणार, आई," आभा म्हणाली.

इतकं धडधडीत खोटं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती, आणि बोलताना तिला काहीही वाटलं नाही! हल्ली तिला कशाचंच काही वाटत नसे.

"मग जा! सून म्हणून नाही, लेक म्हणून ठेवून घेतली होती गं तुला... पण लोक म्हणत होते तेच खरं. शेवटी परकं ते परकंच!"

आभाने वाकून नमस्कार केला. साधनाताईंनी पाय मागे घेतले.

साधनाताईंना बोल लावू नये. लोकांनी त्यांना काय कमी ऐकवलं होतं? मुलाने अमेरिकेत बायकोला सोडलं, तर सासूने त्याच सुनेला शारजात आपल्या घरी आणून बसवलं, असं कुठे जगात असतं का? पण साधनाताईंनी ते केलं होतं. न्यू जर्सीच्या कोर्टात घटस्फोट झाला त्या महिन्यात आभाचा तिथला व्हिसाही संपला; नवऱ्याच्या नावावर मिळालेला व्हिसा, नवरा गेल्यावर कसला राहतो? आईवडील आधीच गेलेले, नाशिकचा भाऊ फोनवर म्हणाला, "ये ना, पण आमचं घर तुला माहीतच आहे..." आणि दुसऱ्या फोनवर सासू म्हणाली, "काही बोलू नकोस. पोरीला घे आणि ये." पंधरा दिवसांसाठी म्हणून आलेली आभा इथल्या भारतीय शाळेत नोकरीला लागली, शाळेच्या व्हिसावर राहिली, आणि बघता बघता चार वर्षं झाली. साधनाताईंना झटका आला तेव्हा त्यांना न्हाऊ घालणारी, घास भरवणारी, हात धरून पुन्हा चालायला शिकवणारी हीच ती परकी!

साधनाताईंचा मुलगा सिद्धांत दर महिन्याला आभाची पोटगी पाठवत असे, आणि दियाचा खर्च वेगळा. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. पोटगीचा तिकडचा कायदा गुणवंतरावांनी, म्हणजे सिद्धांतच्या वडिलांनी, पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला होता. देणाऱ्याला म्हणे ती रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा करता येते, केंद्राच्या करातही आणि त्याच्या राज्याच्या करातही; आणि घेणारीच्या नावावर मात्र ती कमाई म्हणून धरतात! आभा अमेरिकेबाहेर राहते, म्हणून तिचा कर सिद्धांत आधीच कापून घेई आणि उरलेलं पाठवी.

"म्हणजे टाकली त्याने, आणि कर भरायचा हिने!" गुणवंतराव तेव्हा कडाडले होते. "आम्ही वीस वर्षं इथे राहतो, सरकारने पगारातला एक पैसा, एक फिल्ससुद्धा कापला नाही कधी. काय म्हणावं याला?"

आभा मात्र जे येई ते घ्यायची, त्यातलं निम्मं घरखर्चाला ठेवायची.

मग दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत बातमी आली : सिद्धांत येतोय! चार वर्षांनी... मार्चमध्ये, अठरा दिवस! साधनाताईंचा चेहराच पालटला. नवी गादी आली. कोकम संपलं होतं, ते मुंबईहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवून झालं. आणि रोज दुपारी त्या आभाचा हात सोडून पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत चालायचा सराव करू लागल्या. घाम फुटायचा, पाय लटपटायचा, पण एकच हट्ट : "दार मी उघडणार. त्याला मी उभी दिसले पाहिजे."

एका शुक्रवारी फोन वाजला. साधनाताई नुकत्याच झोपल्या होत्या. आभाने उचलला.

"बरं झालं तू घेतलास," सिद्धांत म्हणाला. "ॲक्च्युअली तुझ्याशीच बोलायचं होतं. माझा टॅक्सचा माणूस म्हणतो, ॲलिमनी देणारा आणि घेणारी एका घरात राहिले, तर ते पेमेंट ॲलिमनी धरत नाहीत. डिडक्शन जातं, फेडरलचं पण आणि स्टेटचं पण. सो मी दुबईला हॉटेल बघतो. आईला तू काहीतरी सांग ना. टॅक्सचं नको बोलूस, उगाच तिला वाटेल की..."

"काय वाटेल?"

"यू नो हर."

आभा आतल्या खोलीकडे पाहत राहिली. सरावाने थकून झोपलेली ती म्हातारी... तिला जाऊन काय सांगायचं? की ज्याच्यासाठी तू पाऊल पाऊल मोजत दारापर्यंत जातेस, तो तुझ्या छपराखाली झोपायला किती पैसे जातात ते विचारून येतोय? ऐकूनच जीव जाईल तिचा!

"तू घरीच राहा," आभा म्हणाली. "मी जाते तेवढे दिवस. दिया इथेच राहील, तिलाही तू मिळशील."

"आर यू शुअर? दॅट वुड बी ग्रेट."

बस, एवढंच. आईच्या कपाळी दुःख नको म्हणून आभाने दोष आपल्या कपाळी घेतला. मला त्याचं तोंड बघायचं नाही, असं सांगून ती मोकळी झाली. आणि चार वर्षांची माया दाराशी एका क्षणात तुटली.

शारजातल्याच अबू शगारा भागातल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तिची शाळेतली मैत्रीण बिलकीस राहायची. महाडची. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला, महिना महिना घरी नसे. तिने खोली दिली, ताट दिलं, आणि पहिल्याच दिवशी तिच्याकडून सगळं वदवून घेतलं.

"अगो, वेडी आहेस का तू? सास को सच बता दे ना! एका फोनचं काम आहे."

"खलास झालं ते, बिलकीस."

"खलास कसं? बदनाम तू होतेयस!"

आभाने परीक्षेचे पेपर पुढे ओढले. रोज शाळा सुटल्यावर ती घरी फोन लावी. "आई, मी..." एवढं म्हणेपर्यंत पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येई. ती रिसीव्हर जागेवर ठेवून पुन्हा पेपर तपासू लागे. रडू येत नव्हतं. बिलकीस टपोऱ्या डोळ्यांनी बघत राही आणि स्वतःच नाक पुसत स्वयंपाकघरात जाई.

शुक्रवारी गुणवंतराव दियाला भेटवायला घेऊन आले. गाडी खालीच उभी केली, वर आले नाहीत.

"निळी गोळी जेवणानंतर द्या हं, बाबा. आधी दिली की आईंना मळमळतं."

"देतो." ते स्टिअरिंगकडे बघत बोलत होते. "तिचा राग ओसरेल, इन्शाल्ला. पण आभा, तूही जरा ॲडजस्ट करायला हवं होतंस. आजारी माणूस आहे."

"हो, बाबा."

दिया तिच्या कमरेला बिलगली. "मम्मा, आज्जी सेड यू कॅन टेक युवर विंटर क्लोद्स ऑल्सो. शी पुट देम इन अ बॅग. इट्स इन द कार."

थंडीचे कपडे! मार्च सरत आलेला, उन्हाळा दाराशी उभा... आणि थंडीचे कपडे पाठवले होते. म्हणजे अठरा दिवसांचा प्रश्नच उरला नव्हता. आभाने पिशवी उचलली. केवढी हलकी लागली हाताला! की हातालाच काही कळेनासं झालं होतं? तिने दियाचा पापा घेतला, गाडी वळेपर्यंत हात हलवला, आणि तीन मजले चढून वर आली. पिशवी पलंगाखाली सरकवली. आता दुसरी जागा बघायची, दियाला कधी आणि कसं आणायचं ते बघायचं... मन एखाद्या कारकुनासारखं कामं मांडत होतं. दुःखाची पाळी येतच नव्हती.

सिद्धांत परत जायचा तो गुरुवार. शाळा लवकर सुटली होती. साडेचारचं विमान, गुणवंतराव आणि दिया त्याला पोचवायला जाणार, साधनाताईही गाडीत बसून जाणार, हे आभाला ठाऊक होतं. विमानतळापर्यंत जायचंच, असं त्या महिनाभर आधीपासून म्हणत होत्या. आता निघाले असतील, असं मनात आलं तोच दाराची घंटा वाजली.

दारात साधनाताई!

घामाने निथळलेल्या, केस सुटलेले, ओठ निळसर पडलेले. एक हात भिंतीला, दुसरा एका दाढीवाल्या पठाण टॅक्सीवाल्याच्या दंडावर.

"बहन, खाला को सँभालो," तो म्हणाला. "हर मंज़िल पे बैठ जाती थी. मैंने बोला, नीचे बुला लेता हूँ, मानती नहीं. बोली, ऊपर मैं ही जाऊँगी." आणि तो खाली टॅक्सीत थांबतो म्हणून गेलासुद्धा.

बिलकीसने धावत पाणी आणलं. साधनाताई पलंगावर बसल्या. दम येईपर्यंत त्यांनी आभाचं मनगट सोडलं नाही.

"जेवताना बोलला तो," त्या म्हणाल्या. शब्द पुन्हा अडखळत होते. "हसत बोलला. आभाला उगीच जावं लागलं, म्हणाला. त्याने इथून पुन्हा विचारलं... त्या करवाल्या माणसाला. एका महिन्याच्या आत कुणी एक निघून जाणार असेल, तर हरकत नसते म्हणे. मी म्हटलं, कसली हरकत? तर म्हणाला, तिने सांगितलं नाही तुला?"

आभाने त्यांच्या हातातला पाण्याचा पेला घेऊन बाजूला ठेवला.

"मग सगळं सांगितलं त्याने. मी विचारलं, किती वाचणार होते रे? एका हप्त्यावरचे, म्हणाला. सातशे दिरहॅम. आणि मी... मेली सवय! मी मोठ्याने म्हटलं, म्हणजे नऊ हजार रुपये." त्यांचा आवाज चिरकला. "नऊ हजारांसाठी माझी पोर घराबाहेर... आणि मी तिचे कपडे भरून पाठवले गं! माझ्या या हातांनी!"

"आई, तुम्ही चार वर्षं त्याची वाट बघत होता. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

आणि मग आभाला एकदम आठवलं. "आई, विमान! ते सगळे निघाले असतील ना? तुम्हाला जायचं होतं..."

"गेले. त्याचे बाबा आहेत पोचवायला." साधनाताईंनी डोळे मिटले. "दारात पाया पडला माझ्या. चल ना, म्हणाला. मी सांगितलं, सुखी राहा. मला लेकीला आणायला जायचंय, मला उशीर होतोय."

चार वर्षं जिने त्या एका चेहऱ्यासाठी प्राण डोळ्यांत ठेवले, ती त्याला उंबऱ्यातच निरोप देऊन तीन मजले चढून आली होती... पुन्हा तो कधी येईल, आणि येईल तेव्हा आपण असू का, हे ठाऊक नसताना!

आभाने हे सगळं ऐकलं. समजलंही. आणि नेहमीच्या सवयीने ती म्हणाली, "जाऊ द्या, आई. झालं गेलं. तुमचा काही दोष नाही."

"हेच!" साधनाताईंनी तिचं मनगट गच्च दाबलं. "हेच नको मला! म्हणूनच मी क्षमा मागत नाहीये. मागितली की तू देऊन टाकशील. तू सगळंच देऊन टाकतेस गं... माझ्या मुलाला सोडचिठ्ठी दिलीस, मला मुलगा दिलास, स्वतःचं नावसुद्धा दिलंस. आज काही देऊ नकोस. आज रागव माझ्यावर. रागव म्हणते ना!"

"कशाला, आई..."

"रागव!"

आभाने तोंड उघडलं. मग अगदी लहान मुलीच्या आवाजात, कुठून तरी खोलातून आलं, "तुम्ही... फोन का ठेवलात?"

"ठेवला. रोज ठेवला."

"मी रोज लावत होते! निळी गोळी घेतली का, एवढंच विचारायचं होतं मला... आणि मी पाया पडले तर पाय मागे घेतलेत तुम्ही! परकी म्हणालात!"

"म्हणाले."

"मला दुसरं कोण आहे?" आभा ओरडलीच. "सांगा ना, तुम्हाला माहीत नव्हतं, मला दुसरं कोण आहे? आणि थंडीचे कपडे... थंडीचे कपडे कुणी पाठवतं का हो!" आणि कोर्टात न आलेलं, विमानात न आलेलं, इतकी वर्षं कुठे गोठून बसलेलं रडू एकदम फुटलं. हुंदक्यांनी तिचं सारं अंग हलू लागलं. ती साधनाताईंच्या मांडीवर कोसळली, त्यांच्या लुगड्याची निरी मुठीत धरून त्यांच्याशीच भांडू लागली.

साधनाताईंनी चालता हात तिच्या पाठीवर ठेवला. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"हं," त्या म्हणत राहिल्या, "आणखी? आणखी काय केलं मी?"

आणि आभा एकेक सांगत राहिली.