बेलापूरच्या धर्मशाळेची चौकट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मी सुप्याला राहतो. पाडायला काढलेल्या इमारतींतलं कोरीव लाकूड गोळा करतो. बायको म्हणते, मला सोनं दिसत नाही, वाळवी लागलेलं लाकूड तेवढं दिसतं.

मागच्या फेब्रुवारीत बेलापुरात एक जुनी धर्मशाळा पाडत होते. तिच्या चौकटीवर पोपट कोरलेले. मी बघताक्षणी वेडा झालो.

अब्दुलचाचा आमचे मिस्त्री. चौकट उतरवण्याआधी ते खोलीखोलीतून हाक देत फिरतात, "चला, जागा सोडतोय." मग सगळे त्याच दारातून बाहेर पडतात आणि चौकट शेवटी निघते.

त्या दिवशी शुक्रवार होता. चाचा नमाजला गेले होते. जेसीबीवाला घाई करत होता. मला कुठला धीर... मीच गडी लावून चौकट काढली.

चाचा परत आले. रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले.

"मच्छिंद्रशेठ, हाक मारली हुती का?"

मी हसलो.

"मग आतलं मानूस कुठनं बाहेर पडायचं?" एवढंच म्हणाले. चहाही घेतला नाही.

ती चौकट मी विकली नाही. स्वतःच्या घराला बसवली. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

आठ दिवसांनी... भर दुपारी उंबऱ्याशी बांगड्या वाजल्या.

पाहिलं, तर कोणी नाही.

माझ्या आईचा मोतीबिंदू पिकला होता. नगरला ऑपरेशनची तारीख मिळाली. उशीर केला तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडी दारात उभी होती. आई उंबऱ्यापर्यंत आली आणि... बाजूला सरली.

"तुमी व्हा पुढं, बाई."

समोर कोणीच नव्हतं.

"आई, मागच्या दाराने चल."

"पाव्हणी दारात उभी अन् मी मागनं निघू? असं करत्यात व्हय?"

तिला ताटातली भाकरी दिसत नव्हती. ती बाई मात्र दिसत होती.

ती तारीख गेली. पुढचीही गेली. उचलून न्यायला गेलो, तर आई लहान पोरासारखी रडली. मला राग आला आणि तिची कीवही आली.

आता तिची नजर पूर्ण गेली आहे.

शेवटी चाचांना बोलावलं. त्यांनी घरभर हाक दिली, सगळ्यांना बाहेर काढलं, चौकट उतरवली. आई तेवढी आतच राहिली.

"हाक तितं, धर्मशाळेत मारायची हुती," चाचा म्हणाले आणि निघून गेले.

आमच्या दाराला आता नुसता पडदा आहे. आई अजूनही रोज पडद्याशी येते आणि बाजूला सरून थांबते.

काल सकाळी मी कामाला निघालो. पडद्याशी आलो आणि... बाजूला सरलो.

का, ते मला सांगता येत नाही.

बायकोने हलवलं, तेव्हा दिवेलागण झाली होती. मी तिथेच उभा होतो.