शून्य गुणांचे घर

"कुडाच्या घरांची ऊर्जा-कार्यक्षमता शून्य आहे." २०५८ सालच्या एका सरकारी अहवालातले हे वाक्य. शून्य आले कसे? पंखे आणि वातानुकूलक बंद ठेवून जितकी वीज वाचेल, तितके गुण. ज्या घरात पंखाच नाही, ते वाचवणार काय? कधीच चोरी न करणाऱ्याला चोरी सोडल्याचे बक्षीस कसे द्यावे? तर्क निर्दोष होता. फक्त मूर्ख होता.

शून्य गुणांची घरे सोमवारी पाडली जाणार होती. त्याआधीच्या शुक्रवारी, भर उन्हात, वारली पाड्यावर निरीक्षक यंत्रमानव 'दक्ष' आला. बारा वर्षांची वंशी आपल्या घराच्या दारात वाट अडवून उभी राहिली.

"बाजूला हो, मुली. मला शून्य लिहायचे आहे."

"लिव की. पण तुझ्या पोटात काय घरघरतंय?"

"तो माझा शीतन-पंखा (यंत्राला थंड ठेवणारा पंखा). समोर सरकारने बांधलेल्या पत्र्याच्या आदर्श घरात तर तो किंचाळत होता."

वंशीचा आजा रिंजड हसला. "त्या आदर्श घरात आमी कोंबड्या ठेवल्या व्हत्या. दुपार झाली की त्यापन इकडंच पळतात."

वंशीने वाट सोडली आणि दक्ष आत आला. घरघर मंदावली, मग थांबली.

"माझा पंखा बिघडला! दुरुस्ती पथक बोलवा!"

"बिघडला नाय," वंशी म्हणाली. "त्याला कामच उरलं नाय. वर बघ. छपराच्या गवतात हवा अडकून असते. ती उन्हाची धग खाली येऊ देत नाय."

"म्हणजे उष्णतारोधक (उष्णतेला अडवणारा थर)," दक्ष पुटपुटला.

आजाने चुलीतले धुमसते लाकूड उचलले. धूर सरळ वर गेला आणि छप्पर व कारवीच्या काड्यांचा लिंपलेला कुड यांमधल्या फटीतून बाहेर पडला.

"गरम हवा हलकी, ती अशी वरून जाते," वंशी म्हणाली. "तिची जागा घ्यायला दारातून गार हवा येते."

"अभिसरण (तापलेल्या हवेचे वर जाणे आणि गार हवेचे तिच्या जागी येणे)!" दक्ष थबकला. "पण ती फट मी 'बांधकामातील दोष' म्हणून नोंदवली आहे."

"तुला खोटं लिवता येतं?"

"स्वतःविषयी नाही."

"मग आज कुठं बसलास आन् का, तेवढंच लिव."

सोमवारी घर पाडायला कोणी आले नाही. नव्या आदर्श घरांचे आराखडे घेऊन अभियंते आता रिंजडआजाकडे शिकायला येतात. हे घडले दक्षच्या नोंदीमुळे. त्याच्या कामचुकारपणाच्या चौकशीसाठी बसलेल्या समितीपुढे वाचलेली ती नोंद अशी:

"बारा ते चार कामात कसूर केली. जे घर पाडायचे, त्यातच बसून राहिलो. कारण पंख्याविना गार राहता येईल अशी दुसरी जागा मला सापडली नाही. शेजारी अकरा कोंबड्या होत्या. त्यांना हे आधीपासून माहीत होते."