अर्धी फेरी

आधीच सांगते, हे खरं घडलंय. मी गीतांजली, बँकेत आहे. सही जुळली नाही तर चेक परत पाठवणारी बाई. ऐकीव गोष्टींवर माझा कधीच विश्वास बसत नाही.

पण ही ऐकीव नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. मला सुट्टी. माझा नवरा ऋषी पहाटे पाचलाच मागे लागला, "गीतू, ऊठ. जुन्या देवळात सूर्योदय बघू या."

कोपरखैरण्याहून निघालो. उलव्याच्या पुढे, खाडीकाठच्या एका गावाबाहेर टेकाडावर ते दगडी शंकराचं देऊळ आहे. गावाचं नाव सांगणार नाही. उगाच कोणी जायला नको.

पोचलो तेव्हा अंधारच होता. खाली खारफुटी. लांब न्हावा शेवाच्या बंदराचे दिवे.

देवळात एक म्हातारी झाडलोट करत होती. सुमित्राबाई, गावातलीच. आम्हाला बघून म्हणाली, "सूर्व्या बघाया आलाव? बसा पायरीवर. फेरी माराल तं अर्दीच मारा. पान्याची पन्हल वलांडू नका."

नियम तुम्हाला ठाऊक असेलच. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा नसते. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं.

एवढं सांगून म्हातारी हंडा घेऊन पाणी आणायला खाली उतरली.

ऋषीला नुकतीच शुगर निघाली होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं आणि हा आळशी नंबर एक. मी त्याला चिडवलं,

"पूर्ण मार रे. काही होत नाही. तेवढीच पावलं वाढतील."

हे मी म्हणाले. मीच.

तो हसला. "आलोच गं," म्हणाला आणि देवळाच्या डाव्या बाजूने निघाला. गाडीची किल्ली बोटात फिरवत. ही त्याची जुनी सवय. घरात मी त्यावरून रोज ओरडायचे.

छन छन... छन छन...

आवाज देवळामागे गेला.

आणि थांबला.

मी पूर्वेकडे बघत बसले. आकाश तांबूस झालं होतं. इतक्यात लक्षात आलं... मघापासून ओरडणारे पक्षी गप्प झाले होते. वारासुद्धा पडला होता.

"ऋषी?"



देवळाची फेरी म्हणजे फार तर एक मिनिट. पाच झाली असतील. मी उठणार, तेवढ्यात तो आला.

उजव्या बाजूने.

म्हणजे पन्हळ ओलांडूनच. माझ्याशेजारी बसला. उजाडलं, सूर्य खारफुटीवर आला. येताना ऋषी अख्खा रस्ता फोटो काढायच्या गप्पा मारत होता, पण त्याने खिशातून फोनच काढला नाही. सूर्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडेच बघत होता.

"किल्ली कुठाय?" मी विचारलं.

"पडली असेल."

"मग शोध ना!"

"राहू दे. तुझ्या पर्समध्ये दुसरी आहे." तो उठला. "चल, जाऊ."

आम्ही पायऱ्या उतरत होतो. तो माझ्यापुढे चार पायऱ्या होता. आणि मागून, देवळाच्या पलीकडून...

छन छन...

मी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. ती चूक मला अजून झोपू देत नाही.

सोमवारी सकाळी तो ऑफिसला निघाला. दारात चप्पल घालताना म्हणाला,

"जातो."

सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अरे, जातो काय! येतो म्हणावं!"

तो नुसता हसला. मंगळवारी पुन्हा तेच. "जातो." लग्नाला अकरा वर्षं झाली, हा माणूस कधीच असं बोलला नव्हता. आपल्यात कोणीच बोलत नाही.

बाकी सगळं ठीक. ठीक कसलं, उत्तमच. रोज चालतो, शुगर उतरली, चिडत नाही. सासूबाई खूश आहेत. मैत्रिणी म्हणतात, सुख टोचतंय तुला.

असेल बाई. पण मी सह्या तपासून पोट भरते. एक दिवस विम्याच्या कागदांचं निमित्त करून त्याच्या तीन सह्या घेतल्या आणि जुनीशी लावून बघितल्या.

जुळल्या. तिन्ही. रेघेला रेघ.

मी कागद पालथे घातले. कारण खरा माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही कधीच करत नाही. तशी फक्त गिरवलेली असते.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी ट्रेनिंग आहे असं खोटं सांगून मी एकटी तिथे गेले.

सुमित्राबाई पायरी धूत होती. मला ओळखलं. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "बाय, तुमी आलाव त्या दिसापासून मागं कायतरी वाजतं. सूर्व्या निंगायच्या टायमाला. मी नाय जात तिकडं आता."

मी डाव्या बाजूने गेले. देवळामागून वळून पन्हळीपर्यंत. समोर रिकामी भिंत, शेवाळ आणि कोवळं ऊन. कोणी नाही.

छन छन...

अगदी समोरून. हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळून.

"ऋषी?" मी हाक मारली.

"आलोच गं... आलोच..."

त्याचाच आवाज. दमलेला. महिनाभर एकच फेरी मारत असल्यासारखा.

मला मोठ्याने रडावंसं वाटलं. पन्हळ जेमतेम वीतभर रुंद आहे. एक पाऊल टाकायचं होतं. मी टाकलं नाही. माझं प्रेम नाही असं कोणी म्हणू नका. मी घाबरले. आल्या वाटेने परत फिरले आणि पळत गाडीत बसले.

त्याला आता वर्ष होत आलं. कोणाला सांगू? घरात ऋषी आहे. जेवतो, झोपतो, आईचे पाय चेपतो. मग तिथे कोण आहे? आणि तिथे तो असेल, तर माझ्या शेजारी रोज कोण झोपतं?

मी ट्रेनिंगचं खोटं बोलले होते, हे मी त्याला कधीच सांगितलेलं नाही.

काल रात्री जेवताना त्याने ताटातून मान वर केली.

"शनिवारी सुट्टी आहे ना तुला? त्या देवळात जाऊ या. या वेळी मी पायरीवर बसतो, तू फेरी मार."

घास माझ्या हातातच राहिला.

तो हसला.

"पूर्ण मार. काही होत नाही."